सिस्टरांच्या हाडाचा आकडा

आमच्या ऑपरेशन थिएटरच्या सिस्टर पडल्या त्या हात धुवायच्या जागी. तिथला नळ गळतो आणि खाली पाणी साचतं, ही तक्रार त्यांनीच ऑफिसात इतक्या वेळा केली होती की त्या दारात दिसल्या की कारकून मान वर न करता "नळ ना?" असं विचारायचा. शेवटी त्याच पाण्यावरून त्यांचा पाय सरकला. मी शेजारच्या खोलीत चहा पीत होतो. आवाज ऐकून धावलो, तर बाई फरशीवर आडव्या, चेहरा पांढराफटक, आणि मला पाहून पहिलं वाक्य काय, तर "डॉक्टर, चपला बदलून या. इथे बाहेरच्या चालत नाहीत."

मी मुकाट्याने चपला बदलून आलो. तेवढ्यात मला दिसलं होतं की त्यांचा उजवा पाय डाव्यापेक्षा आखूड झालाय आणि पाऊल बाहेरच्या अंगाला पडलंय. ते त्यांनीही पाहिलं होतं. असे पाय आम्ही दोघांनी इतके बघितलेत की एक्स-रेची वाट बघायची गरज नव्हती. खुब्याचं हाड मोडलं होतं. मी नळाला मनसोक्त शिव्या घातल्या.

मी भूल देणारा डॉक्टर. रोग्याच्या उशाशी, पडद्याच्या अलीकडे बसतो. पडद्यापलीकडे सर्जन, चाकू आणि मानमरातब. अलीकडे मी, माझं मशीन आणि रोग्याचा चेहरा. रोगी बरा झाला तर सर्जनच्या हाताला यश, आणि काही वाकडं झालं तर "भूल जास्त झाली असेल". इतकी वर्षं हे ऐकून माझा स्वभाव तिरसट झालाय, असं घरचेही म्हणतात. असेल. पण या बाईंशी माझं जमायचं, कारण त्या माझ्याहून तिरसट होत्या.

थिएटरमध्ये सगळे त्यांना सिस्टर म्हणायचे आणि पाठीमागे 'पुन्हा-सांगा'. त्याला कारण होतं. सर्जन काहीही आकडा बोलला, स्क्रूची लांबी म्हणा, औषधाचं माप म्हणा, की सिस्टर तो मोठ्याने परत उच्चारायच्या आणि मगच हात हलवायच्या. कुणी पुटपुटलं तर "पुन्हा सांगा". मोठे साहेब असोत नाहीतर नवखा डॉक्टर, सगळ्यांना एकच माप. पहिल्यांदा येणाऱ्याला वाटायचं, बाईंना कमी ऐकू येतं. पण त्यांचे कान एवढे तिखट होते की माझ्या खिशातली चॉकलेटची चांदी वाजली तरी त्या पलीकडून वळून बघायच्या.

त्यांचं लग्न झालं नव्हतं. जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर त्या आणि त्यांची आई, एवढंच घर. आईचाही खुबा असाच मोडला होता, याच थिएटरमध्ये बसवला होता. तेव्हाचे मोठे साहेब बाहेर येऊन "छान झालं" म्हणाले. पण हाड आतून भुसभुशीत होतं, आणि थोड्याच आठवड्यांत स्क्रू हाड फाडून वर आला. पुन्हा उघडण्याइतकी ताकद आईत नव्हती. म्हातारी तेव्हापासून अंथरुणाला खिळली. सिस्टर रोज ड्यूटीवर यायच्या आधी आईला उचलून बसवायच्या, पुसायच्या, कूस बदलून द्यायच्या, आणि घरी गेल्या की पुन्हा तेच. आईच्या पाठीला एक फोड आला नव्हता, हा त्यांचा एकमेव गर्व. शेजारीण मधल्या वेळात डोकवायची, पण आई तिला हात लावू द्यायची नाही. मुलगी आल्याशिवाय म्हातारी तसूभर हलायची नाही.

म्हणून स्ट्रेचरवर असताना सिस्टरांनी मला जे विचारलं ते स्वतःच्या पायाबद्दल नव्हतंच. त्या म्हणाल्या, "आईला आता कोण फिरवणार?" मी म्हटलं, आधी तुम्ही उभ्या राहा, मग बघू. त्या म्हणाल्या, "तेच तर विचारतेय. राहीन का?"

खरा प्रश्न तोच होता. आईचं ते तसं झाल्यावर सिस्टरांनी ऑफिसच्या मागे लागून एक यंत्र मागवायला लावलं होतं. कंपनीने त्याला हातभर लांब नाव दिलंय, आम्ही नुसतं 'काठी' म्हणतो. मोडलेल्या हाडात स्क्रू घालायच्या आधी ही काठी आत सरकवायची आणि मूठ पिळायची. आतलं हाड किती जोर लावल्यावर सुटतं, ते मुठीवरच्या छोट्या पडद्यावर आकड्यात उमटतं. आमच्या थिएटरचा नियम असा की सहाच्या वर आकडा आला तर नुसता स्क्रू पुरतो. खाली आला तर स्क्रूच्या टोकाभोवती सिमेंट भरायचं, म्हणजे पोकळ हाडातही तो पकड घेतो आणि माणूस दुसऱ्या दिवशी पायावर वजन टाकू शकतो.

एकच अडचण. ही मोजणी एकदाच होते. पिळताना काठी आतल्या हाडाची बारीक जाळी मोडते, आणि मोडलेली जाळी पुन्हा मोजण्यात अर्थ नसतो. मूठ सोडली की पडद्यावरचा आकडाही पुसला जातो. म्हणून सर्जनने आकडा मोठ्याने बोलायचा, सिस्टरने मोठ्याने परत सांगायचा, आणि मग त्यावर सगळ्यांचे हात चालायचे. सिमेंट कालवणाऱ्याचे, आणि माझेही. कारण सिमेंट आत जाताना कधीकधी रोग्याचा रक्तदाब एकदम कोसळतो. आधी कळलं तर मी तयारीत असतो. नंतर कळलं तर बोंबा मारण्यापलीकडे काही हाती राहत नाही.

सिस्टरांच्या बाबतीत माझी झोप उडाली होती ती यामुळेच. बाईंना जुना दमा. छातीचा भरवसा नाही, म्हणून पूर्ण भूल द्यायची नव्हती, कमरेत सुई देऊन फक्त खालचं अंग बधिर करायचं होतं. म्हणजे त्या जाग्या राहणार. आणि दम्यासाठी त्यांनी वर्षानुवर्षं ज्या गोळ्या गिळल्या होत्या, त्या हाडं पोखरतात हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं. मला, सिस्टरांना आणि धाकट्या साहेबांना.

धाकटे साहेब म्हणजे आमचे आताचे सर्जन. नवशिके होते तेव्हा सिस्टरांनी त्यांच्या हातातली कात्री काढून घेऊन दुसरी दिली होती, कितीतरी वेळा. लोकांसमोर त्या त्यांना 'सर' म्हणायच्या, आणि दार लोटलं की 'बाळा'. पोरगा हुशार. पण ऑपरेशनच्या आदल्या दिवशी माझ्या खोलीत आला तो तोंड उतरवून. म्हणाला, काठी पिळायच्या वेळी सिस्टरना थोडं गुंगीचं औषध देऊन झोपवता येईल का? आकडा वाईट आला आणि त्यांनी तो ऐकला, तर माझा हात चालणार नाही. मी म्हटलं, औषध देता येईल, पण मी त्यांना विचारल्याशिवाय देणार नाही, आणि विचारायला माझी छाती होत नाही, तूच जा. तो गेला नाही. शेवटी मीच गेलो.

सिस्टर पलंगावर पडल्या पडल्या वॉर्डातल्या पोरींना चादरीचे कोपरे कसे दुमडायचे ते शिकवत होत्या. मी विषय काढताच त्यांनी पोरींना घालवलं आणि मला बसायला सांगितलं. "झोपवू नका," त्या म्हणाल्या. "माझं हाड आहे. मला ऐकायचंय." मी दम्याचा, घाबरण्याचा, नाडी वाढण्याचा पाढा वाचला. त्यांनी तो शेवटपर्यंत ऐकून घेतला आणि म्हणाल्या, "डॉक्टर, घाबरलेली तर मी आत्ताही आहे. झोपेत घाबरले तर सांगू कुणाला?"

घरी गेलो, जेवणावर वासना नव्हती. बायकोने विचारलं, एवढं काय झालंय, खुब्याची ऑपरेशनं काय कमी केलीत? केली होती. पण ज्याचं जळतं त्यालाच कळतं म्हणतात, तसं झालं होतं. आपलं माणूस टेबलावर असलं की सगळी विद्या पातळ होते.

दुसऱ्या दिवशी थिएटरमध्ये सिस्टरांच्या जागी त्यांच्याच हाताखाली शिकलेली एक तरुण सिस्टर उभी होती. तिने ट्रेवरची हत्यारं तीन-तीनदा सरळ केली. मी कमरेत सुई दिली. सिस्टरांनी हूं की चूं केलं नाही, फक्त विचारलं की टेबलाखालची बादली नेहमीच्या जागी का नाही. ती जागेवर आणल्यावर कुठे त्यांनी डोळे मिटले. पाय ओढून बांधला, हिरवा पडदा वर चढला, आणि अलीकडे आम्ही दोघंच उरलो. त्यांनी माझा हात धरला नाही, हे मुद्दाम सांगतो. त्यांनी मशीनच्या पडद्याकडे बघितलं आणि स्वतःचा रक्तदाब वाचला. म्हणाल्या, "बरा आहे." मी म्हटलं, तुम्ही रोगी आहात, रोग्यासारखं छताकडे बघा. त्यांनी बघितलं आणि छताला पोपडे आलेत म्हणून सांगितलं.

पलीकडून ड्रिलचा आवाज आला आणि थांबला. क्ष-किरणांचं यंत्र पुढे सरकलं, मागे सरकलं. धाकटे साहेब म्हणाले, "काठी." पलीकडच्या आवाजांबरोबर हत्यारांची नावं पुटपुटणारे सिस्टरांचे ओठ थांबले. मशीनवरची नाडी चढायला लागली, आणि खरं सांगतो, माझीही चढली असणार, फक्त मला तार लावलेली नव्हती. काठी आत गेल्याचं कळलं, कारण सगळे गप्प झाले. मग मूठ पिळल्यावर येतो तो बारीक कट् असा आवाज आला.

आणि आकडा आलाच नाही. धाकटे साहेब क्षणभर थांबले आणि मोठ्या, गोड आवाजात म्हणाले, "छान आहे. अगदी छान."

माझा जीव भांड्यात पडला. छान म्हणजे सहाच्या वर, सिमेंट नाही, दाब कोसळायची भीती नाही. मी हातातली दाब चढवायच्या औषधाची सुई खाली ठेवली आणि पाठ टेकली. त्या तरुण सिस्टरनेही तेच धरलं असावं, कारण सिमेंटची पिशवी बाजूला सारल्याचा आवाज मी ऐकला. साहेबांनी तिला बोटांनी 'सिमेंट कालव' असं खुणावलं म्हणे. ते नंतर कळलं. पण जिला सिस्टरांनी पहिल्या दिवसापासून आकडा मोठ्याने ऐकायची आणि मोठ्याने बोलायची सवय लावली, ती पोर बोटांची खूण कशाला बघेल? ती साहेबांच्या तोंडाकडे बघत होती, आणि तोंड 'छान' म्हणत होतं.

माझ्या बाजूला सिस्टरांनी डोळे उघडले. "छान म्हणजे किती?" त्यांनी विचारलं. आवाज मोठा नव्हता, पण थिएटरमध्ये त्या आवाजाची सवय नसलेलं कुणी नव्हतंच. पलीकडून उत्तर नाही. त्या छताकडे बघतच म्हणाल्या, "बाळा, छान हा आकडा नाही. पुन्हा सांग."

मला वाटतं, तेव्हा आम्हा सगळ्यांच्या लक्षात आलं की आम्ही काय करून बसलो होतो. मायेपोटी आकडा गिळला होता, आणि आता तो एकाच माणसाच्या डोक्यात होता. शेवटी धाकटे साहेब बोलले, तेव्हा त्यांचा आवाज नवशिका असतानाचा होता. "चार पूर्णांक एक."

नियमाप्रमाणे तो आकडा त्या तरुण सिस्टरने परत म्हणायचा. ती बाजूला सारलेल्या पिशवीकडे बघत नुसती उभी. मग पडद्याच्या अलीकडून, पाठीवर आडव्या पडलेल्या आमच्या सिस्टर स्पष्ट आवाजात म्हणाल्या, "चार पूर्णांक एक. सिमेंट."

त्याबरोबर सगळे हलले. पिशवी उघडल्याचा आवाज आला, सिमेंटचा तो उग्र वास पसरला. मी सलाईन सोडलं, दाब चढवायचं औषध हातात घेतलं, स्वतःला मनातल्या मनात जेवढ्या शिव्या येतात तेवढ्या दिल्या. एका गोड शब्दावर मी सुई खाली ठेवली होती. सिस्टरांच्या डोळ्यांतून पाणी कानाकडे ओघळत होतं. मी पुसायला गेलो तर म्हणाल्या, "इकडे नको, मशीनकडे बघा."

सिमेंट आत जायला लागलं आणि दाब घसरला. आधी थोडा, मग धाडकन. सिस्टरांचे ओठ निळसर झाले. मी औषध दिलं, आणखी दिलं, पलीकडे ओरडून थांबायला सांगितलं. साहेबांनी हात वर धरला तो तसाच. मी सिस्टरना बोलतं ठेवायला काहीबाही विचारत होतो, नळ कुठल्या बाजूने गळतो, वॉशर कुठला, कारकुनाचं टक्कल किती. त्या उत्तरं देत होत्या, पण शब्द लांब लांब पडायला लागले. एकदा त्या थांबल्या आणि "आई" एवढंच म्हणाल्या. मशीनवरचा दाबाचा आकडा खालीच अडून राहिला होता. मी पुन्हा औषध दिलं. मग तो आकडा जिना चढणाऱ्या म्हाताऱ्यासारखा एकेक पायरी वर यायला लागला. कुणी हुश्श म्हटलं नाही. पूर्ण वर येईपर्यंत कुणाची हिंमत झाली नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांना उभं केलं. व्यायाम घेणारी बाई, मी आणि धाकटे साहेब, असे तिघं त्यांच्या अंगाला हात न लावता हात पसरून उभे होतो. सिस्टर वॉकर घट्ट पकडून कितीतरी वेळ पायाकडे बघत राहिल्या. आईचा स्क्रू असाच वर आला होता, ते त्यांना दिसत असणार. मग त्यांनी वजन टाकलं. पाय टिकला. साहेबांनी तोंड फिरवून खिडकीबाहेर काय बघितलं कोण जाणे, बाहेर नुसती भिंत आहे.

पण त्याच संध्याकाळी त्यांना एक गोष्ट सांगायची होती, आणि या वेळी साहेबांनी शब्द गोड करून सांगितला नाही. म्हणाले, "चालाल. जिना चढाल. पण वजन उचलायचं नाही. आईला उचलायचं नाही, पुन्हा कधीच नाही. हाड चारचं आहे." सिस्टरांनी ते परत उच्चारलं नाही. मी त्यांना इतक्या वर्षांत पहिल्यांदाच एखादी सूचना नुसती ऐकून घेताना पाहिलं.

दवाखान्यातून सोडलं त्या दिवशी मीच त्यांना घरी नेलं. तीन मजले चढायला आम्हाला प्रत्येक वळणावर थांबावं लागलं. मला कळत होतं, त्यांच्या मनात आईला काय सांगायचं याची जुळवाजुळव चालली होती. जिन्यात शेजारीण भेटली. तिने तक्रार केली की म्हातारी कुणाचं ऐकत नाही, कूस बदलताना अंग दगडासारखं करते, तिला नि तिच्या नवऱ्याला मिळून फिरवावं लागतं.

खोली लहान होती, स्वच्छ होती. आई भिंतीकडच्या पलंगावर पाठीवर पडलेली, केस विंचरलेले, डोळे दाराकडे. वॉकरचा ठक् ठक् आवाज तिने आधीच ऐकला असावा. मुलगी उंबऱ्यापाशी वॉकर धरून उभी राहिली. आईने आधी वॉकर बघितला, मग मुलीचा पाय, मग चेहरा. सिस्टर म्हणाल्या, "आई, मला आता तुला उचलता यायचं नाही."

म्हातारीने एक हात पलंगाच्या कडेला नेला, दुसरा कोपर गादीत रोवला, दात आवळले, आणि हळूहळू, कण्हत, भिंतीकडे सरकली. एक वीत. मग आणखी थोडी. गादीवर माणूस बसेल एवढी जागा झाली. "ये," ती म्हणाली, "बस. उभी किती राहशील?"

सिस्टर तशाच उभ्या राहिल्या. "आई," त्या म्हणाल्या, "तुला सरकता येतं?"

म्हातारीने दम घेतला. म्हणाली, "तू होतीस ना उचलायला."